मामी, शिबिराला पाठवू का?

एप्रिल उजाडला की मला येणाऱ्या पत्रांचा विषय बदलतो. सासू, नोकरी, गुडघेदुखी मागे पडते आणि शिबिरं पुढे येतात. साहजिकच आहे. मी २६ उन्हाळे पाचगणी-महाबळेश्वरच्या ख्रिस्ती शिबिरांतून स्वयंपाकघर सांभाळलं. नगरला शाळेत शिकवायचे, एक मेला निकाल लावला की दोन तारखेला पिशवी भरायची. यंदाच्या पत्रांतली चार घेते.

मामी, सलाम. माझी मुलगी ११ वर्षांची आहे, एकुलती एक. मंडळीतली बाकीची मुलं मे महिन्यात पाच दिवसांच्या शिबिराला पाचगणीला चालली आहेत. तिथे फोन चालत नाही म्हणे. रात्री रडली तर? (चिंचवड)

रडेल. बहुतेक पहिल्या रात्री दिवे मालवल्यावर, आणि दुसऱ्या दिवशी जेवून उठल्यावर. पोट भरलं की घर आठवतं, हे मी कित्येकदा पाहिलंय. तिसऱ्या दिवशी शोधायला जाल तर सापडणार नाही, कुठेतरी करवंदाच्या जाळीत असेल. म्हणून एक करा, संचालकांकडून रोज निरोप मागवा, पण तिला फोनवर बोलावून घेऊ नका. बरी रमलेली मुलं आईचा आवाज ऐकून पुन्हा पहिल्या रात्रीवर जातात.

वाईवरून पसरणीचा घाट चढताना निम्मी बस ओकते. निघताना पोह्यांनी पोट गच्च भरू नका. कागदी पिशव्या आणि लिंबू वरच्या कप्प्यात ठेवा, बॅगेच्या तळाशी नको. स्वेटर द्या, तिथली मे महिन्यातली रात्र चिंचवडसारखी नसते. चपलेच्या आतल्या बाजूला नाव लिहा, एकाच निळ्या चपलेचे नऊ जोड दाराशी असतात. आणि ११ वर्षांची आहे म्हणता, तर पाळी आली नसली तरी दोन पॅड बॅगेत ठेवा आणि ते कशासाठी हे आधी नीट सांगा. एकदा एका पोरीला हे कुणीच सांगितलं नव्हतं. ती अर्धा दिवस न्हाणीघरात कडी लावून बसली होती.

आदरणीय मामी, माझे पणजोबा गावची मेलेली ढोरं ओढायचे. आजोबा मिशनच्या शाळेत शिकून मास्तर झाले, वडील तलाठी, मी बँकेत. गेल्या वर्षी फी भरून मुलाला शिबिराला धाडला. परत आल्यावर म्हणतो, "पप्पा, मी दोन दिवस संडास धुतले." जे काम सोडायला आमच्या तीन पिढ्या गेल्या, ते पैसे भरून परत करायचं? याला सेवा म्हणायचं का? (श्रीरामपूर)

दादा, तुमच्या पत्राला लगेच उत्तर लिहिता आलं नाही. दोन दिवस ते टेबलावर तसंच ठेवलं होतं.

आधी माझीच एक गोष्ट सांगते. कुठलं शिबिर, कुठलं साल, ते सोडून द्या. हॉलच्या दाराशी फळा असायचा, त्यावर रोज सकाळी पाळ्या लिहिलेल्या असत. एकदा चहाची किटली घेऊन जाताना मी सहज थांबले आणि फळा सगळा वाचला. भांडी, संडास, टाकीतून पाणी आणणं, यांच्यापुढे सगळी खेड्यांवरून आलेली नावं. त्यांतल्या काहींचे आईबाप ऊसतोडीवरून नुकते परतलेले. फुलं, व्यासपीठ, गीतांच्या वह्या वाटणं, यांच्यापुढे पुण्या-मुंबईची. फळा लिहिणारी कॉलेजातली पोरगी स्वभावानं सोनं होती. तिला विचारलं, हे असं कसं गं? ती सहज म्हणाली, "मामी, त्यांना सवय असते ना."

मला राग तिचा आला नाही. स्वयंपाकघरात माझ्या हाताखालीही दरवर्षी तीच पोरं यायची, आणि मी सगळ्यांना कौतुकानं सांगायचे, खेड्यातली पोरं कामाला वाघ! इतके उन्हाळे मीही तोच फळा लिहीत होते, फक्त खडू हातात नव्हता.

पुढच्या वर्षापासून आम्ही फळा बंद केला. बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात चिठ्ठ्या टाकायच्या, डोळे मिटून उचलायच्या आणि निघेल ते करायचं. पहिल्या दिवशी मात्र चिठ्ठी नाही. पहिल्या दिवशीचे संडास शिबिराच्या पुढाऱ्यांचे आणि पाळकसाहेबांचे, म्हणजे चर्चच्या धर्मगुरूंचे. (एका पाळकसाहेबांची कंबर नेमकी त्याच सकाळी धरली. दुपारच्या क्रिकेटपर्यंत सुटली.) ॲसिडची बाटली मुलांच्या हाती द्यायची नाही. फिनेल, खराटा, हातमोजे आणि सोबत एक मोठं माणूस, एवढं पाहिजेच.

ही कल्पना आमची नव्हे. अमेरिकन मिशनरी स्टॅन्ली जोन्स १९०७ साली हिंदुस्थानात आले. साबरमतीला गांधीजींच्या आश्रमात राहून आले आणि १९३० साली नैनिताल जिल्ह्यात सातताल इथे त्यांनी ख्रिस्ती आश्रम काढला. उन्हाळ्यात तिथे देशी, परदेशी, सगळ्या जातींतून आलेली माणसं एकत्र राहायची. आठवड्यातून एक दिवस झाडूवाल्याला सुटी आणि त्याचं काम आश्रमातल्या माणसांनी करायचं. संडाससुद्धा. जोन्स यांनीच लिहून ठेवलंय की एका ब्राह्मण ख्रिस्ती बंधूंना त्यांनी विचारलं, तुम्ही कधी घेणार हे काम? तर ते म्हणाले, माझं मन पालटलंय खरं, पण एवढं नाही पालटलं! मला हा माणूस आवडतो. निदान खरं बोलला.

पण दादा, सातताल सांगून तुमचं तोंड बंद करावं असा माझा हेतू नाही. त्या ब्राह्मण बंधूंनी खराटा हाती घेतला तर काहीतरी मोडलं असतं. ज्याच्या पणजोबांना तो जन्मानंच हाती दिला, त्याच्या पणतवंडानं घेतला तर काय मोडतं? हा तुमचा प्रश्न आहे आणि तो बरोबर आहे. येशूनं शिष्यांचे पाय धुतल्याचा उतारा अशा वेळी हमखास काढतात. मी काढत नाही. तिथे धुणारा गुरू आहे, हे वाचणारे सोयीनं विसरतात.

म्हणून मुलाला दोन गोष्टी विचारा. तुझं नाव चिठ्ठीत निघालं की कुणी सांगितलं? आणि तुझ्याबरोबर कोण कोण होतं? सगळी एकाच वस्तीतली निघाली तर संचालकांना पत्र लिहा, खाली माझी सही घाला. पुण्याच्या डॉक्टरचा मुलगा आणि पाळकसाहेब शेजारच्या संडासात बादली ओतत होते असं निघालं, तर मग तुम्ही आणि तो मिळून ठरवा. मी त्यात पडणार नाही. एक मात्र पत्रात राहून गेलंय. "धुतले" हे तो मान खाली घालून म्हणाला की फुशारकीनं?

नमस्कार. आम्ही हिंदू आहोत. शेजारच्या ख्रिस्ती मैत्रिणीबरोबर माझ्या नववीतल्या मुलीला उन्हाळी शिबिराला जायचंय. तिथे धर्माचं काही असतं का? ह्यांना ट्रेकिंग, खेळ एवढंच वाटतंय. (सातारा)

ताई, असतं. नसतं असं कुणी सांगितलं तर त्याच्यावर विश्वास ठेवू नका. सकाळी उपासना, दुपारी पवित्र शास्त्राचा वर्ग, रात्री शेकोटीभोवती गाणी, प्रार्थना आणि कुणाकुणाची साक्ष, म्हणजे देवाचा आपल्याला आलेला अनुभव सांगणं. टेबललँडवर फिरणं आणि खेळ त्याच्या मधल्या वेळात. हे चालणार असेल तर पाठवा, नसेल तर मैत्रिणीला गोड शब्दांत नाही म्हणा, दोघींची मैत्री एवढ्यानं तुटत नाही. पाठवणार असाल तर संचालकांशी स्वतः बोला, लेखी संमती द्या आणि स्पष्ट विचारा की शेवटच्या रात्री मुलांना हात वर करून येशूला स्वीकारण्याचा काही "निर्णय" घ्यायला लावता का? दुसऱ्याच्या अल्पवयीन लेकरावर असा भार टाकू नये, या मताची मी आहे. आमच्यातल्या काहींना ते पटत नाही, हेही सांगून ठेवते. आणि जेवणाचंही विचारा, एखाद्या दिवशी मटण असतंच.

बाकी गाण्यांची काळजी नको. गिटार असते, पण रात्र चढली की ढोलकी आणि टाळ निघतात आणि नारायण वामन टिळकांची भजनं सुरू होतात. त्यांची चाल तुमच्या मुलीला परकी वाटायची नाही. हेच टिळक १९१७ साली मिशनची चाकरी सोडून तुमच्या साताऱ्यात आले आणि त्यांनी "देवाचा दरबार" मांडला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघांनाही त्यात जागा होती. दोन वर्षांत ते गेले आणि दरबार पुढे फार चालला नाही. साताऱ्यात आता किती जणांना हे माहीत आहे कोण जाणे.

मामी, तरुण संघाचं शिबिर यंदा आम्ही स्वतः चालवतोय, पाचगणीला, सुटीत रिकामं असलेलं वसतिगृह मिळालंय. माणसं ८०. आचारी परवडत नाही. तांदूळ-डाळ किती घेऊ? (जालना)

शाब्बास! एका वेळेला माणशी १०० ग्रॅम तांदूळ धरा, म्हणजे ८ किलो. डाळ ४ किलो. पहिल्या दिवशी उरेल, घाटानं पोटं ढवळलेली असतात. तिसऱ्या दिवशी हेच माप तोंडघशी पाडेल, त्या दिवशी तांदूळ १० किलो टाका. चपात्यांच्या नादी लागू नका. माणशी चार धरल्या तरी ३२० होतात आणि लाटणारे हात तुमच्याकडे नाहीत. सकाळी पाव किंवा उपमा, रात्री खिचडी. मे महिन्यात वर पाण्याची ओढ असते, म्हणून टँकरचं वसतिगृहवाल्यांशी आधीच बोलून ठेवा, आणि ताट ज्याचं त्यानं धुवायचं.

आणखी एक, जे मला पहिल्या वर्षी कुणी सांगितलं नाही आणि ८० पोरं ताटं वाजवत बसली. पाचगणी साधारण १,३०० मीटर उंचावर आहे. तिथे पाणी ९६ अंशांच्या आसपासच उकळतं. वरून कितीही रटरटताना दिसलं तरी उघड्या पातेल्यातली तूरडाळ जालन्यापेक्षा उशिरा शिजते. मुलं सकाळच्या उपासनेला बसली की डाळ भिजत घाला, दुपारी वेळेवर वाढता येईल.