शहराचा लाल ठिपका खरा की नोंदीचा?

तुम्ही लिहिलंय की नकाशावर गोवर शहरातून खेड्यांकडे सरकताना दिसतोय, म्हणून सगळ्या लसी आधी शहरात वळवायच्या का. कृपया दोन दिवस थांबा. मी याच नकाशाने फसलोय.

आमचा तक्ता रुग्णाच्या गावाचा नव्हता, नोंद झालेल्या दवाखान्याचा होता. दूरच्या वस्तीतलं मूल ताप हटेना म्हणून शहरात आणलं जातं, नोंद तिथली होते, तारीखही त्याच दिवसाची पडते. मी राहत्या गावाची माहिती मागितली तेव्हा संबंधित कार्यालयाने तसा रकानाच नसल्याचं सांगितलं. रकाना होता, मूळ फॉर्मवर हाताने भरलेला! संगणकात चढवलाच नव्हता. ते फॉर्म हाती यायला अकरा दिवस गेले. लागण झाल्यापासून पुरळ उठायला साधारण १४ दिवस लागतात, म्हणजे तेवढ्यात रोगाची जवळजवळ एक फेरी झाली. पुरळ उठल्याच्या तारखेने यादी लावली, तर पहिली मुलं तीन लांबच्या वस्त्यांमधली निघाली. संपर्कातल्यांना लस ७२ तासांत दिली तर उपयोग होतो. ती वेळ कधीच टळली होती. त्याचा राग अजून गेलेला नाही.

फसलो, कारण पुस्तकातलं चित्रही तसंच आहे. लसीपूर्वीच्या इंग्लंडमध्ये साथी मोठ्या शहरांतून लाटांसारख्या बाहेर जायच्या. अडीच-तीन लाखांहून लहान वस्तीत साखळी तुटते, रोग नाहीसा होतो आणि बाहेरून पुन्हा येतो. पण मधल्या शांत वर्षांत लागण न झालेली माणसं साठत जातात. १८४६ मध्ये उत्तर अटलांटिकमधल्या फेरो बेटांवर ७,७८२ लोकांपैकी सुमारे ६,००० आजारी पडले. १७८१ च्या साथीत गोवर होऊन गेलेल्या म्हाताऱ्यांना तो पुन्हा झाला नाही. म्हणून वयंही जरूर विचारा. मोठी मुलं आणि तरुण आजारी असतील, तर ती वस्ती बरीच वर्षं रोग आणि लस दोन्हींपासून दूर राहिली आहे, असा संशय धरा.

९५ टक्क्यांचं गणित (गोवर पसरू नये म्हणून इतक्या जणांना लस मिळालेली हवी) तुम्हाला माहीत असेलच. माझ्या मते जिल्ह्याची ९२ टक्के सरासरी निर्णयासाठी निरुपयोगी आहे. एखादी वस्ती ४० टक्क्यांवरच अडकलेली असली तरी त्या आकड्यात दिसत नाही.

मी डॉक्टर नाही, नोंदी पाहणारा माणूस आहे. उपचारांबद्दल (जीवनसत्त्व अ धरून) तिथल्या डॉक्टरांचंच ऐका. शहरातली मोहीम बंद करा असंही म्हणत नाही. फक्त उद्या सकाळी मूळ फॉर्म मागा, आणि 'रकाना नाही' म्हणाले तर स्वतः जाऊन बघा.