वजन जास्त आहे, ताप-सर्दी काही नाही, तरी रक्ताच्या रिपोर्टमध्ये सीआरपी (शरीरात सूज असली की वाढणारं प्रथिन) वाढलेला का?

संबंध असू शकतो, आणि तो नीट समजून घ्या. चरबी नुसती साठून राहत नाही. चरबीच्या पेशी फुगल्या की त्या भागात मॅक्रोफेज या रोगप्रतिकारक पेशी जमतात आणि टीएनएफ-अल्फा, आयएल-६ अशी सूज वाढवणारी रसायनं रक्तात जातात. आयएल-६ यकृतापर्यंत पोहोचलं की यकृत सीआरपी बनवतं. दुखत नाही, दिसत नाही, पण ही मंद सूज वर्षानुवर्षं चालू राहते. इन्सुलिनचं काम बिघडतं, रक्तवाहिन्यांनाही त्रास होतो.

सगळ्यात त्रासदायक पोटाच्या आतली चरबी. म्हणून काट्याआधी कंबर मोजा: भारतीय पुरुषांत ९० आणि स्त्रियांत ८० सेंटीमीटरच्या वर गेली तर सावध व्हा. हातपाय बारीक आणि पोट सुटलेलं, अशी माणसं आपल्या लोकलच्या डब्यात कितीतरी दिसतात. त्यांना वाटतं आपण जाड नाहीच.

मात्र हिरड्यांचे आजार, सिगारेट, संधिवात यांनीही सीआरपी वाढतो, त्यामुळे रिपोर्ट डॉक्टरांना दाखवाच. वजन ५ ते १० टक्के उतरलं तरी आकडा बऱ्याचदा खाली येतो. दादर-माटुंग्याकडे राहत असाल तर संध्याकाळी शिवाजी पार्कला रोज झपाझप फेऱ्या मारायला लागा.