मुदत संपली असली तरी कैफियत द्यावीच लागते

प्रश्न : आम्ही धनकवडीत राहतो. जून २०१३ मध्ये मी एका खासगी वित्त कंपनीकडून ३६ मासिक हप्त्यांचे वैयक्तिक कर्ज घेतले होते. यजमानांच्या आजारपणामुळे नोव्हेंबर २०१४ पासून हप्ते थांबले. पुढे बरीच वर्षे कोणी फिरकले नाही. २०२३ मध्ये वसुली प्रतिनिधी घरी आला, तेव्हा भीतीपोटी मी ३,००० रुपये मोबाइलवरून पाठवले आणि त्याने पुढे केलेल्या एका छापील कागदावर न वाचता सही केली. आता हे कर्ज विकत घेतलेल्या दुसऱ्याच कंपनीच्या दाव्याचे समन्स शिवाजीनगरच्या न्यायालयातून आले आहे. दाव्याचा क्रमांक २०२५ सालचा आहे. माझे दीर म्हणतात की तीन वर्षे उलटली, आता कोर्टात जायची गरज नाही. शिवाय घेतलेले पैसे मुदत संपली म्हणून नाकारावेत का, हेही मनाला लागून राहिले आहे. काय करावे?
– एक वाचक, पुणे

उत्तर : तुमच्या दिरांचे तीन वर्षांचे गणित बरोबर असले, तरी त्यावरून त्यांनी दिलेला सल्ला धोक्याचा आहे आणि तो तुम्ही मानू नये. मुदतबाह्य दावा न्यायालयाने फेटाळावा, प्रतिवादीने तो मुद्दा काढला नसला तरीही, असे मुदतीच्या कायद्याचे कलम ३ सांगते, हे खरे. परंतु तुम्ही हजर राहिला नाहीत तर न्यायाधीशांपुढे फक्त वादीची कागदपत्रे असतात आणि ती दावा मुदतीत आहे असेच दाखवण्यासाठी लिहिलेली असतात. अशा वेळी एकतर्फी हुकूमनामा, म्हणजे तुमची बाजू न ऐकता दिलेला निकाल, होऊ शकतो. मग दरखास्त, म्हणजे त्या निकालाच्या अंमलबजावणीचा अर्ज येतो, बँक खात्यावर जप्ती येते, आणि जो मुद्दा कैफियतीत, म्हणजे दाव्याला द्यायच्या लेखी उत्तरात, मांडता आला असता तो तेव्हा मांडणे फार अवघड होते.

समन्स हाती पडल्यापासून ३० दिवसांत लेखी कैफियत द्यावी लागते. सबळ कारण असल्यास न्यायालय ही मुदत ९० दिवसांपर्यंत वाढवून देऊ शकते, पण त्यावर विसंबू नका. त्याआधी दावा साधा आहे की दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश ३७ खालचा समरी (झटपट निकालाचा) दावा आहे, हे समन्सवर पाहा. समरी दाव्यात १० दिवसांतच हजेरी नोंदवावी लागते आणि पुढे बचाव करण्याची परवानगीही मागावी लागते.

आता मुदतीकडे वळू. वैयक्तिक कर्जाच्या वसुलीच्या दाव्यास साधारणपणे तीन वर्षांची मुदत असते आणि हप्त्यांच्या कर्जात प्रत्येक हप्ता थकल्यापासून त्या हप्त्याची मुदत वेगळी धावू शकते. तुमच्या बाबतीत अगदी वादीला सोयीची मोजणी केली, म्हणजे २०१६ च्या मध्यास देय असलेला शेवटचा हप्ता धरला, तरी मुदत २०१९ च्या मध्यास संपते. करोनाच्या काळात सर्वोच्च न्यायालयाने १५ मार्च २०२० ते २८ फेब्रुवारी २०२२ हा काळ मुदतीच्या मोजणीतून वगळला होता, पण त्याचा लाभ त्याआधीच संपलेल्या मुदतीला मिळत नाही. कर्ज दुसऱ्या कंपनीने विकत घेतल्यानेही मुदत नव्याने सुरू होत नाही. मूळ कंपनीचा जो हक्क जसा शिल्लक होता तसाच नव्या कंपनीकडे जातो. हस्तांतराचा करार आणि त्यात तुमच्या कर्जाचा उल्लेख दाखवा, अशी मागणी कैफियतीतून जरूर करा.

खरा प्रश्न २०२३ मधल्या त्या सहीचा आहे. आधी ३,००० रुपयांचे पाहू. कलम १९ प्रमाणे रक्कम अंशतः भरल्यास मुदत नव्याने सुरू होते, पण ती रक्कम मूळ मुदत संपण्यापूर्वी भरलेली असावी लागते. कलम १८ खालील लेखी कबुलीलाही तीच अट आहे. म्हणून केवळ त्या पैशांमुळे, किंवा ‘इतकी रक्कम येणे आहे हे मान्य’ एवढ्याच मजकुरामुळे, २०१९ मध्ये संपलेली मुदत परत येत नाही. मात्र भारतीय करार कायद्याच्या कलम २५ च्या तिसऱ्या पोटकलमानुसार मुदतबाह्य कर्ज फेडण्याचे लेखी आणि सही केलेले वचन हा स्वतंत्र, वैध करार ठरतो. त्या छापील कागदावर ‘उर्वरित रक्कम मी फेडीन’ असे स्पष्ट वचन असेल, तर त्या वचनापासून नवी तीन वर्षे मोजली जातील आणि २०२५ चा दावा मुदतीत बसेल. कागद म्हणजे नुसती पैसे मिळाल्याची पावती किंवा पत्त्याची खातरजमा असेल, तर बसणार नाही.

त्यामुळे समन्ससोबत आलेल्या दाव्याच्या नकलेत ‘दाव्यास कारण’ हे कलम सर्वांत आधी वाचा. मुदत उलटल्यावर दावा करणाऱ्याने तरीही दावा मुदतीत कसा बसतो हे दाव्यातच लिहावे लागते, म्हणून २०२३ च्या कागदाचा आधार घेतला आहे की नाही, ते तिथे आणि सोबतच्या कागदयादीत कळेल. नक्कल मिळालीच नसेल, तर वकिलांमार्फत न्यायालयातून मागून घ्या. सही तुमची असेल तर ती नाकारू नका. तो कागद कोणत्या परिस्थितीत, काय सांगून पुढे केला गेला, हे जसे घडले तसे लिहा.

कैफियतीत मुदतीचा मुद्दा ठळकपणे आणि तारखांसह घ्यावा, पण तेवढ्यावर थांबू नये. दाव्यातील जी विधाने स्पष्टपणे नाकारली जात नाहीत ती मान्य असल्याचे धरले जाते. तेव्हा मुद्दल, भरलेले हप्ते, व्याजाचा दर, दंडव्याज यांतले जे मान्य नसेल ते वेगवेगळे नाकारा आणि खात्याचा पूर्ण उतारा मागा. २०१३-१४ मधले हप्ते गेले त्या खात्याचे जुने पासबुक शोधा. जुन्या दाव्यांत भरलेले हप्ते वजा न केलेली रक्कम अनेकदा मागितलेली असते.

तुमच्या मनातल्या दुसऱ्या प्रश्नाबद्दल मला आदर आहे. मुदतीचा बचाव ही लबाडी नव्हे. वर्षे गेली की पावत्या हरवतात, माणसे बदलतात, आणि खरा हिशेब सिद्ध करणे दोन्ही बाजूंना अशक्य होते, म्हणून कायद्याने ही मर्यादा घातली आहे. तरीही मुद्दलातले काही द्यावे असे वाटत असेल, तर कैफियत दाखल झाल्यावर वकिलांसमक्ष आणि संपूर्ण हिशेब मिटल्याच्या लेखी अटीवरच बोलणी करा. लोकअदालतीत तडजोड झाली तर तिचा निवाडा हुकूमनाम्यासारखा असतो आणि त्यावर अपील होत नाही, हे सही करण्यापूर्वी लक्षात असू द्या. तोपर्यंत वसुली प्रतिनिधीला एक रुपयाही पाठवू नका, कोणत्याही कागदावर सही करू नका, आणि मोबाइलवर ‘देते, थोडा वेळ द्या’ असा संदेशही लिहू नका.

वकिलाचा खर्च झेपत नसेल तर शिवाजीनगर न्यायालयातील जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करा. स्त्रियांना तेथे उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. समन्स, त्यासोबतची सर्व पाने आणि समन्स मिळाल्याची तारीख लिहिलेला कागद बरोबर न्या. ३० दिवस त्या तारखेपासून मोजले जातात.