जॉर्ज आणि लेनी यांची मैत्री खरी होती का?

जॉन स्टाइनबेकच्या १९३७ साली प्रसिद्ध झालेल्या 'ऑफ माइस अँड मेन' या लघुकादंबरीतील जॉर्ज आणि त्याचा धिप्पाड पण मंदबुद्धी सोबती लेनी या दोन फिरत्या शेतमजुरांच्या नात्याला मैत्री म्हणावे की शहाण्याने भोळ्यावर चालवलेली हुकमत, आणि स्वतःच्या जमिनीचे त्यांचे स्वप्न निव्वळ मनाचे समाधान होते का, असे आपण विचारले आहे. माझ्या मते ही मैत्री खरी आहे, आणि जॉर्जच्या हाती असलेली हुकमत मान्य केल्यावरच तिचे खरेपण नीट दिसते.

हे दोघे ज्या रँचवर, म्हणजे मोठ्या शेतमळ्यावर, कामाला येतात त्याचा मालकही आपली शंका बोलून दाखवतो. एक मजूर दुसऱ्याची एवढी काळजी घेताना त्याने कधी पाहिलेले नसल्यामुळे जॉर्ज लेनीची मजुरी लाटत असणार, असेच त्याला वाटते. या शंकेचे उत्तर जॉर्ज पुढे तिथे खेचरांचा तांडा हाकणाऱ्या स्लिमजवळ सांगतो त्या आठवणीत आहे. पूर्वी चार लोकांसमोर मिरवण्यासाठी जॉर्ज लेनीची टर उडवत असे. एकदा सॅक्रामेंटो नदीच्या काठी त्याने लेनीला उडी मारायला सांगितले आणि पोहता येत नसतानाही लेनीने ती मारली. बुडता बुडता त्याला बाहेर काढले, तेव्हा उडी मारायला कोणी सांगितले हे विसरून तो जॉर्जचेच उपकार मानू लागला. त्या दिवसापासून जॉर्जने असले प्रकार बंद केले. आपल्या शब्दावर दुसरा माणूस जीव देईल हे कळल्यावर त्या शब्दाचा गैरवापर थांबवणे हेच मला या मैत्रीचे मूळ वाटते. तो पुढेही लेनीवर ओरडतो, क्वचित दुष्टपणे बोलतो. पण ते रागाचे बोलणे असते, खेळ नसतो.

कॅलिफोर्नियातील सालिनास खोऱ्यातल्या त्या रँचवर मात्र प्रत्येकाला आपल्याहून दुबळा कोणीतरी हवा असतो. मालकाचा मुलगा कर्ली अंगापिंडाने थोराड माणसे हेरून त्यांच्याशी भांडण काढतो. स्लिम तेवढा अपवाद आहे. कोणावर आवाज न चढवताही त्याचा शब्द कोणी खाली पडू देत नाही. सगळ्यात अस्वस्थ करणारा प्रसंग क्रुक्सचा आहे. हा पाठीत वाकलेला कृष्णवर्णीय कामगार तबेल्यालगतच्या खोलीत एकटा राहतो, कारण इतरांच्या झोपायच्या खोलीत त्याला मज्जाव आहे. लेनी त्याच्या दारात येतो तेव्हा, जॉर्ज परत आलाच नाही तर तुझे काय होईल, असे विचारून तो लेनीला छळतो. आयुष्यभर अपमान सोसलेल्या माणसाला प्रथमच कोणीतरी आपल्याहून असहाय सापडलेला असतो. तरीही थोड्याच वेळाने जमिनीचा बेत ऐकून तोच क्रुक्स, नुसत्या पोटावारी का होईना, मलाही येऊ द्या, असे म्हणतो. मग कर्लीची बायको त्याला फाशी देववण्याची धमकी देते आणि तो आपले शब्द मागे घेतो.

स्वप्नाबद्दल बोलताना त्यातला हिशेब बहुतेक वाचक नजरेआड करतात असे मला वाटते. जॉर्जने हेरलेल्या दहा एकरांच्या जागेची किंमत ६०० डॉलर होती. या बेतात सामील झालेल्या, रँचवर झाडलोट करणाऱ्या म्हाताऱ्या कँडीला हात गमावल्याबद्दल २५० डॉलर मिळाले होते, बँकेत ५० होते आणि महिनाअखेरीस आणखी ५० हाती येणार होते. जॉर्ज आणि लेनी यांच्या महिन्याच्या मजुरीचे १०० धरले, तर ४५० डॉलर जमत होते. तरुणपणी सालिनासजवळ स्प्रेकल्स साखर कंपनीच्या शेतांवर राबलेल्या स्टाइनबेकने हे आकडे उगाच मांडलेले नाहीत. मात्र ती जागा स्वस्तात मिळणार होती ती तिचे वृद्ध मालक कफल्लक झाले होते आणि म्हातारीला शस्त्रक्रियेची गरज होती म्हणून. या मजुरांचे सुखही दुसऱ्याच्या अडचणीवर उभे राहणार होते, हे लेखकाने न लपवता सांगितले आहे.

लेनीच्या हातून नकळत कर्लीच्या बायकोचा जीव गेल्यावर शेवटी जॉर्ज लेनीवर गोळी झाडतो, ती सत्ता की मैत्री, हा प्रश्न उरतोच. कर्ली लेनीला हाल करून मारणार होता आणि जिवंत पकडला गेला असता तर त्याला पट्ट्यांनी बांधून कोंडून ठेवले असते, असे स्लिम स्वच्छ सांगतो. लेनीच्या जिवाचा निर्णय जॉर्ज त्याला न विचारता घेतो, म्हणजे तो अधिकारच गाजवतो. पण त्यातून त्याला स्वतःला काही मिळवायचे नसते. याचा पुरावा मला त्याआधीच्या तबेल्यातील प्रसंगात सापडतो. कर्लीच्या बायकोचे प्रेत समोर असताना कँडी काकुळतीने विचारतो की, आपण दोघे अजूनही ती जागा घेऊ शकतो ना? कँडीचे पैसे शाबूत होते आणि जागाही विकली गेलेली नव्हती. तरीही जॉर्ज म्हणतो की, आता मी महिनाभर राबेन, माझे ५० डॉलर घेईन आणि ते एखाद्या कुंटणखान्यात उडवीन.