६५०२ चे सर्किट उलगडू पाहणाऱ्यास

सुरुवातीसाठी तुम्ही एमओएस टेक्नॉलॉजीची १९७५ ची ६५०२ ही मायक्रोप्रोसेसर चिप निवडली, हे उत्तम केले. तिच्यात धातूचा एकच थर आहे आणि ट्रान्झिस्टर साडेतीन हजारांच्या घरातच आहेत. मात्र सबंध चिप एकदम उलगडायला जाऊ नका. एक्स रजिस्टरचा, म्हणजे आकडा साठवायच्या आतल्या एका छोट्या जागेचा, एकच बिट घ्या आणि धातूचा थर काढलेल्या छायाचित्रात, डिफ्यूजनच्या (सिलिकॉनमध्येच अशुद्धी मिसळून केलेल्या वाहक भागाच्या) पट्ट्यावरून पॉलिसिलिकॉनची (त्यावरच्या वाहक सिलिकॉन थराची) रेघ जिथे आडवी जाते, तिथे ट्रान्झिस्टर आहे असे धरून खुणा करत चला. अपवाद फक्त हे दोन थर थेट जोडलेल्या जागांचा, आणि त्या ओळखायला नजर बसावी लागते. एखाद्या बिंदूपासून पाच व्होल्टकडे सदैव चालू असलेला एक ट्रान्झिस्टर आणि ग्राउंडकडे दोन समांतर ट्रान्झिस्टर जात असतील, तर ते नॉर गेट (दोन्ही इनपुट शून्य असतानाच एक देणारे सर्किट) समजावे.

खरा गोंधळ उडतो तो क्लॉकच्या, म्हणजे चिपला ताल देणाऱ्या सिग्नलच्या, आलटून-पालटून येणाऱ्या दोन फेजांमुळे. अनेक ठिकाणी शोधूनही फ्लिप-फ्लॉप (बिट धरून ठेवणारे सर्किट) सापडत नाही, कारण तिथे बिट हा पुढच्या ट्रान्झिस्टरच्या गेटवरील (त्याला चालू-बंद करणाऱ्या टोकावरील) विद्युतभार म्हणून अल्पकाळच टिकवलेला असतो. म्हणून प्रत्येक सिग्नलच्या नावापुढे त्याची फेज आवर्जून लिहा. डिकोडरच्या (सूचनांचा अर्थ लावणाऱ्या भागाच्या) १३० रेषांना हात त्यानंतरच घाला.