कुलूप बदलू नका, आधी करार काढा

भाऊ, मुदत संपूनही भाडेकरू घर सोडत नाही म्हणून कुलूप बदलणं, पाणी-वीज तोडणं मनातही आणू नका. पाणी-वीज तोडायला भाडे नियंत्रण कायद्याचं कलम 29 आड येतं, उलट तुम्हीच अडकाल. कांदिवलीच्या माझ्या वन-रूम-किचनचा भाडेकरू मुदत संपून दोन महिने हलेना, तेव्हा मीही तावातावाने मीटरपाशी पोचलो होतो. वकिलाने हात धरला म्हणून वाचलो.

आधी करार काढा. लिव्ह अँड लायसन्सच, म्हणजे ठरावीक मुदतीसाठी फक्त वापरायची परवानगी देणाराच आहे ना? नोंदणी झालीय? शेवटची तारीख कुठली? महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, 1999 च्या कलम 24 खाली, राहण्यासाठी दिलेल्या जागेची मुदत संपली की थेट सक्षम प्राधिकाऱ्याकडे (अशा प्रकरणांसाठी सरकारने नेमलेला अधिकारी) अर्ज करता येतो, आणि ताबा मिळेपर्यंत करारातल्या भाड्याच्या दुप्पट दराने भरपाई मागता येते. समन्स लागल्यावर 30 दिवसांत भाडेकरूने प्रतिज्ञापत्र देऊन लढायची परवानगी मागायची, नाहीतर तुमचं म्हणणं मान्य धरतात. नोंदणीचे पैसे वाचवले असतील तर मात्र अटींबाबत त्याचा शब्द आधी धरला जातो. तिथेच बहुतेकांचं घोडं पेंड खातं.

जागा पागडीची (सुरुवातीला मोठी रक्कम घेऊन नाममात्र भाड्याने दिलेली जुनी भाडेवहिवाट) असेल तर हे सगळं विसरा. तो लघुवाद न्यायालयाचा मामला. भाडं थकलं म्हणून जागा खाली करायचा दावा लावायचा तरी आधी लेखी नोटीस देऊन 90 दिवस थांबावं लागतं.