अमेरिकेचे अध्यक्ष अब्राहम लिंकन यांनी गुलाममुक्तीचा जाहीरनामा यादवी युद्ध चालू असतानाच का काढला आणि बंडात नसलेली गुलामधारक राज्ये त्यातून का वगळली?

दोन्ही प्रश्नांचे उत्तर बऱ्याच अंशी लिंकन यांच्या अधिकारमर्यादेत सापडते. एखाद्या राज्यातील गुलामगिरी मोडण्याचा अधिकार राज्यघटनेने अध्यक्षाला दिलेला नव्हता. मात्र सरसेनापती म्हणून बंडखोरांचे, म्हणजे फुटून निघालेल्या दक्षिणेकडील राज्यांचे, बळ तोडणारे उपाय आपण योजू शकतो, अशी त्यांची भूमिका होती. दक्षिणेची शेते पिकवणारे, तटबंदी उभारणारे आणि सैन्याची रसद वाहणारे हात मोठ्या प्रमाणात गुलामांचेच होते, त्यामुळे त्यांची मुक्ती हा थेट लष्करी घाव ठरत होता. केंटकी, मिसूरी, मेरीलँड आणि डेलावेअर ही राज्ये बंडात नसल्यामुळे हा युद्धाधिकार तिथे लागू पडत नव्हता. शिवाय ती दुखावली तर शत्रूला मिळतील, ही धास्तीही होतीच.

वेळेबाबत परराष्ट्रमंत्री सीवर्ड यांचा सल्ला निर्णायक ठरला: पराभव होत असताना केलेली घोषणा हतबलतेतून आल्यासारखी दिसेल. म्हणून सप्टेंबर १८६२ मध्ये अँटिटमच्या लढाईत दक्षिणेची चढाई रोखली गेल्यावरच पूर्वघोषणा झाली आणि १ जानेवारी १८६३ रोजी अंतिम जाहीरनामा निघाला. त्यानंतर ब्रिटनला दक्षिणेची बाजू उघडपणे घेणे अवघड झाले, आणि युद्ध संपेपर्यंत सुमारे १,८०,००० कृष्णवर्णीय सैनिक उत्तरेच्या, म्हणजे लिंकन सरकारच्या, सैन्यात दाखल झाले.

सर्व श्रेय लिंकन यांना देणे मात्र मला अन्यायाचे वाटते, कारण १८६१ पासूनच गुलाम जीव धोक्यात घालून उत्तरेच्या छावण्या गाठत होते आणि त्यांना मालकांकडे परत पाठवायचे की नाही, हा टाळता न येणारा प्रश्न त्यांनीच सरकारपुढे उभा केला.